पालकसभेत दाखवायला सिनेमातले आईबाप: कोणते प्रसंग घ्यावेत?

पूर्वभाग

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत पाचवी ते आठवीच्या पालकांची सभा आहे. शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ, म्हणजे हातात मोजून दोन तास. साठ-सत्तर पालक येतील. बरेच वडील यंत्रमागावर पाळी करणारे, बऱ्याच आया घरी विड्या वळणाऱ्या, काही नोकरदार. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलतात, पण हिंदी-मराठी सिनेमा सगळ्यांना कळतो. भाषण ठेवायचं नाही. लोकांनी पाहिलेल्या सिनेमांतले आईबाप दाखवायचे आणि त्यावर बोलायचं, असं ठरलंय.

आतापर्यंत सुचवलेली नावं: 'श्यामची आई', 'बागबान', 'तारे जमीन पर', 'दंगल'. मला वाटतं 'बागबान' बघून पालक मुलांवर चिडून घरी जातील आणि 'श्यामची आई' बघून स्वतःवर. दोन्हीमुळे सोमवारी सकाळी घरात काही वेगळं होणार नाही.

अख्खा सिनेमा दाखवावा की निवडक प्रसंग? चांगला पालक, वाईट पालक हे ठरवायचं कशावरून? 'दंगल'च्या बापाला कुठल्या बाजूला बसवायचं यावर आमच्यातच दोन तट पडलेत. आणि दोन वर्गांमधली घडीची भिंत सरकवून केलेल्या हॉलमध्ये दाखवायची सोय नीट कशी होईल? जाणकारांनी सांगावं.

रीळवाला

अख्खा सिनेमा नको. 'तारे जमीन पर' एकटाच पावणेतीन तासांचा आहे. चार प्रसंग घ्या, प्रत्येकी पाच ते आठ मिनिटांचे, आणि प्रत्येकामागे पंधरा मिनिटं बोलणं. हे दीड तासात बसतं. उरलेला अर्धा तास लोक येऊन बसण्यात आणि चहात जातोच, तो धरूनच चाला. पाचवा प्रसंग घालायचा मोह होईल, तो टाळा. घाईत दाखवलेल्या प्रसंगावर कुणी बोलत नाही.

पालक गोड बोलतो की कडक, यावर चांगला-वाईट ठरवू नका. शेवट गोड झाला यावर तर अजिबात नको. आपल्या सिनेमात शेवटी बाप रडला की त्याचं सगळं माफ होतं. प्रत्येक प्रसंगाला तीनच गोष्टी विचारा. या आईला किंवा बापाला मुलाबद्दल नेमकं काय माहीत आहे? त्यांचा अंदाज चुकला तर किंमत कोण मोजतं? आणि चूक कळल्यावर ते मुलाजवळ जाऊन काय करतात? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. चुका सगळेच पालक करतात, पण चूक निस्तरताना दिसणारे सिनेमात फार कमी आहेत.

'तारे जमीन पर' (२००७) घ्याच, पण लोक नेहमी दाखवतात तो वसतिगृहात सोडण्याचा प्रसंग नको. त्यात गाणं आहे, सगळे रडतात आणि बोलणं तिथंच संपतं. त्याऐवजी शाळेतले निकुंभ सर वाचताना अडखळणाऱ्या ईशानच्या घरी येतात तो प्रसंग लावा. बाप नंदकिशोर अवस्थी ठासून सांगत असतो की पोराला अभ्यास करायचाच नाही, हे सगळे बहाणे आहेत. सर एक खोका उचलतात. त्यावर परदेशी लिपीत काहीतरी छापलेलं असतं. 'वाचा,' म्हणतात. बाप म्हणतो, 'कसं वाचणार?' सर त्याच्याच आवाजात त्याला दटावतात: नीट लक्ष द्या, प्रयत्न करा, उद्धटपणा करताय तुम्ही. बापाचा चेहरा बघण्यासारखा होतो. तिथंच थांबवा. बापाला मुलाबद्दल काय माहीत होतं, याचं उत्तर त्या खोक्यावर आहे. ज्या घरात आईवडिलांनाच मराठी लिपी वाचताना अडखळायला होतं, त्या घराला हा प्रसंग सगळ्यात आधी समजेल.

जोडीला त्याच सिनेमातला पुढचा प्रसंग लावा. बाप शाळेत येतो आणि सांगतो की बायको इंटरनेटवर डिस्लेक्सियाबद्दल, म्हणजे अक्षरं वाचताना-जुळवताना येणाऱ्या अडचणीबद्दल, वाचत असते, आम्हालाही काळजी आहे. काळजी म्हणजे काय, हे सर त्याला सांगतात. परत जाताना बापाला दिसतं की ईशान सूचनाफलकासमोर उभा राहून एकेक अक्षर जुळवतोय. बापाचे डोळे भरतात आणि तो तसाच निघून जातो. मुलाजवळ जात नाही. पालकांना एवढंच विचारा, 'तो थांबला असता तर काय बोलला असता?' लोकांना वाक्य सुचवायला सांगा. तेलुगूत सुचलं तर तेलुगूत.

एक सांभाळा. त्या बोलण्यात सॉलोमन बेटांवर लोक झाडाला शिव्या देऊन ते वाळवतात, अशी गोष्ट येते. ती गोष्ट म्हणूनच ठेवा. पालकांपुढे शास्त्रीय पुरावा असल्यासारखी सांगितली आणि कुणी उलट विचारलं, तर पुढचा सगळा वेळ त्यातच जाईल.

वाईट बाप दाखवायचाच असेल तर 'उडान' (२०१०). जमशेदपूरचा भैरव सिंग पोरांना स्वतःला 'सर' म्हणायला लावतो. सकाळी मोठ्या मुलाबरोबर धावायला जातो तेही त्याला हरवायला. धाकट्या अर्जुनला इतकं मारतो की त्याला दवाखान्यात ठेवावं लागतं, आणि मोठ्याला सांगतो की जिन्यावरून पडला. मारहाणीवर चर्चा नेऊ नका, तिचा निकाल सरळ आहे. त्या थापेवर बोला. पोरगा ती ऐकून घेतो, शेजारीपाजारी ऐकून घेतात, तेव्हा घरातल्या बाकीच्यांनी काय करायचं? लहान मुलं हॉलमध्ये असतील तर मात्र 'उडान' लावूच नका.

भीमाकाठ

सोलापूर जिल्ह्यात बसून फक्त मुंबईच्या सिनेमातले आईबाप बघायचे, हे काही बरोबर नाही. 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) पंढरपुरात घडतो. वडील गेलेले, आई यंत्रावर स्वेटर विणून घर चालवते. कर्ज थकतं, यंत्र जप्त होतं आणि वडिलांनी बनवलेली सायकल विकायची वेळ येते. मग पोरं एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात. सिनेमा गमतीदार आहे, त्यामुळे सभेची सुरुवात यानंच करा, लोक मोकळे होतील.

यातली आई चांगली की वाईट, असं कुणी विचारतच नाही. ती कडक आहे, दमलेली आहे, आणि पैसा कुठून आणायचा हा हिशेब तिच्या डोक्यात चोवीस तास चालू असतो. तुमच्या सभेतल्या निम्म्या आया अशाच असणार. प्रश्न असा काढा: घरात पैशाची अडचण आहे हे मुलांना सांगायचं का, किती सांगायचं, कुणी सांगायचं? न सांगताही मुलांना कळतंच. मग ती आपल्या परीनं उपाय शोधतात, आणि मोठ्यांना न विचारता शोधतात. यंत्रमाग बंद पडला की हप्ता कसा थकतो हे इथं समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे या चर्चेला पंधरा मिनिटं पुरणार नाहीत. वीस धरा.

'फँड्री' (२०१३) करमाळ्याच्या नागराज मंजुळेचा. कचरू मानेला तुम्ही वाईट बापांच्या रांगेत बसवलंत तर ती मोठी चूक होईल. तो आपल्या मुलाला, जब्याला, शाळेतून काढून डुक्कर पकडायला नेतो, सगळ्यांसमोर मारतो, हे खरं आहे. पण पोरीच्या लग्नाला पैसा हवा आणि गावानं सांगितलेल्या कामाला नाही म्हणायची सोय नाही. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि अख्खं कुटुंब जागेवर ताठ उभं राहतं, हाताशी आलेलं डुक्कर निघून जातं. या एका प्रसंगात कचरू किती कोंडीत आहे ते दिसतं. रीळवाल्यांच्या तीन प्रश्नांत मी एक जोडेन: या बापापुढे दुसरा कोणता रस्ता खुला होता? तारे जमीनच्या अवस्थीपुढे दहा रस्ते होते. कचरूपुढे किती? ते मोजल्याशिवाय दोघांना एका तराजूत घालू नये.

'सैराट'चा (२०१६) मोह होईल, शेवटचा प्रसंग तर लावूच नका. लावायचाच असेल तर आर्ची बुलेट आणि ट्रॅक्टर चालवते तो सुरुवातीचा भाग आणि तिचा भाऊ प्रिन्स वर्गात शिक्षकांवर हात उचलतो तो. लाड दोघांचेही आहेत. तात्यांच्या, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या, घरात पोरीला गाडी मिळते, मोकळं फिरायला मिळतं, पण नवरा निवडायची वेळ आली की सगळं संपतं. पोराला मात्र शिक्षकाला मारूनही जाब विचारला जात नाही. लाड आणि मोकळीक यांतला फरक दाखवायला याहून नेमकं उदाहरण मला मराठीत दिसत नाही. आठवीच्या पालकांसाठी ठेवा, पाचवीच्या नको.

पूर्वभाग

दोघांचेही आभार. 'एलिझाबेथ' नक्की झाला. 'उडान' बाद, कारण काही आया लहान मुलांना घेऊन येणार. आता 'दंगल'चं सांगा. एक तट म्हणतो तो आदर्श बाप, दुसरा म्हणतो हुकूमशहा.

आखाडा

'दंगल'चे (२०१६) दोन प्रसंग पाठोपाठ लावा, मध्ये बोलू नका. पहिला, गीता-बबिताचे केस कापले जातात तो. दुसरा, मैत्रिणीच्या लग्नाचा. चौदा वर्षांची नवरी म्हणते, निदान तुमचा बाप तुम्हाला आपलं पोर तरी मानतो, तुमच्या भविष्यासाठी सगळ्या जगाशी भांडतोय. हॉलमध्ये सगळ्यांच्या माना डोलतील. तेव्हाच विचारा: नवरीचं म्हणणं खरं आहे, पण त्यानं केस कापणं बरोबर ठरलं का? बालविवाह लावणाऱ्या बापाशेजारी उभा केला की कुठलाही बाप उजवाच दिसतो.

दुसरं, पदक. गीता फोगाटनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात सुवर्ण मिळवलं, हे खरं. शेवटच्या लढतीवेळी बापाला खोलीत कोंडतात, ते सिनेमानं रचलेलं आहे. राष्ट्रगीत वाजलं की प्रेक्षक मागचं सगळं विसरतो. म्हणून पदकाचा प्रसंग न दाखवता विचारा, 'पदक मिळालं नसतं तर हा बाप तुम्हाला कसा वाटला असता?' उत्तर बदलत असेल, तर आपण बापाला मार्क देत नव्हतो, निकालाला देत होतो.

याचं उत्तर त्याच दिग्दर्शकाच्या पुढच्या सिनेमात आहे. नितेश तिवारीचा 'छिछोरे' (२०१९). प्रवेश परीक्षेत नापास झालेला मुलगा जिवावर उदार होतो, आणि बापाला कळतं की पास झाल्यावर काय करायचं हे आपण त्याच्याशी बोललो होतो, नापास झाल्यावर काय, हे कधीच बोललो नाही. तेवढंच, दवाखान्यातलं बोलणं दाखवा. मुलगा स्वतःला इजा करतो तो भाग कापा, एक सेकंदही नको.

रीळवाला

आखाडा, 'दंगल'वर थोडा मतभेद नोंदवतो. त्यातला बाप महावीर पोरींना पहाटे उठवून स्वतः झोपून राहत नाही. शेतात स्वतः उभा असतो, गावाची थट्टा स्वतःच्या अंगावर घेतो. अवस्थी पोराला दूर पाठवून सुटतो. तुमच्या दोन तटांना ही तुलना द्या, 'आदर्श की हुकूमशहा' हा वाद आपोआप सुटेल. चूक करणारा बाप हजर होता की गैरहजर, हाही प्रश्न आहे.

आणि आईला विसरू नका. दया नवऱ्याला विरोध करते, मग एक वर्षाच्या बोलीवर गप्प बसते. मटण-कोंबडी माझ्या स्वयंपाकघरात शिजणार नाही, एवढी एकच हद्द ती राखते. पटत नसताना आई किती काळ गप्प राहते, हा आपल्या घरांतला रोजचा विषय आहे. तोच 'सीक्रेट सुपरस्टार'मध्ये (२०१७) टोकाला जातो. नजमा गळ्यातला हार विकून मुलीला लॅपटॉप घेते, नवऱ्याला कळल्यावर तो मुलीला तोच लॅपटॉप खिडकीतून फेकायला लावतो. शेवटी विमानतळावर नवरा म्हणतो गिटार इथंच टाक, सामान जास्त झालंय. नजमा तिथं थांबते. तो विमानतळाचा प्रसंग बायकांच्या गटात फार चालतो. चौथ्या जागेवर 'छिछोरे'ऐवजी हा घ्यायचा का, ते तुम्ही ठरवा. मी हाच घेईन.

हॉलसाउंड

तांत्रिक बाजू थोडक्यात.

साठ-सत्तर माणसांना आठ फूट रुंद पडदा पुरतो. पहिली रांग पडद्यापासून बारा-पंधरा फुटांवर, शेवटची पन्नास फुटांच्या आत. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर ठेवा, नाहीतर सतरंजीवर बसलेल्यांमागे खुर्चीवाल्यांना दिसणार नाही. संध्याकाळी सहाला पश्चिमेकडच्या खिडक्यांतून चांगलाच उजेड येतो. आपल्याकडे उन्हाळ्यात तर सातपर्यंत. जुन्या सोलापुरी चादरी दुहेरी करून खिडक्यांवर टांगा, शाळेच्या पातळ पडद्यांनी भागत नाही. प्रोजेक्टर किमान ३००० ल्युमेनचा मागा.

आवाज सगळ्यात आधी फसतो. प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर दुसऱ्या रांगेपुढे ऐकू जात नाही. वेगळे दोन स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, माणसांच्या कानाच्या थोडं वर ठेवा. लॅपटॉपची आवाजाची वायर प्रोजेक्टरला न लावता थेट स्पीकरला लावा. पंखे पूर्ण वेगात असले की संवाद बुडतात, म्हणून पंखे चालू ठेवूनच आवाज तपासा.

एचडीएमआय केबल दहा मीटरच्या आत ठेवा, त्यापुढे साध्या केबलवर चित्र लुकलुकतं. ओटीटीवरून थेट लावायला गेलात तर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, असं हमखास होतं. जुन्या प्रोजेक्टरशी किंवा कन्व्हर्टरशी कॉपी-संरक्षण जुळत नाही म्हणून. शिवाय घरगुती वर्गणीच्या अटींत सार्वजनिक दाखवणं बसत नाही. विकत घेतलेली डीव्हीडी वापरा. शाळेनं आपले विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांनाच शाळेच्या कामाचा भाग म्हणून दाखवलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्याला सूट आहे. हाच कार्यक्रम उद्या सोसायटीच्या गच्चीवर किंवा मंडळात केलात तर ती सूट लागू नाही, हक्कधारकाची परवानगी लागेल.

प्रसंगांच्या वेळा दुसऱ्या कुणाच्या यादीतून घेऊ नका, प्रत्येक प्रतीत थोडा फरक असतो. आपल्याच प्रतीवर सुरुवात-शेवट सेकंदासकट कागदावर लिहा आणि सुरुवात वीस सेकंद आधी धरा. डोळे पडद्यावर स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. लॅपटॉपचा स्लीप आणि अपडेट बंद, चार्जर लावलेला. वीज गेली तर प्रोजेक्टर लगेच पुन्हा लागत नाही, दिवा थंड व्हावा लागतो. इन्व्हर्टरवर घेतलात तर ही कटकट राहत नाही.

कट्टा_क्र_७

बोलणं कसं घ्यायचं हे राहिलं. साठ माणसांत 'कुणाला काही बोलायचंय का' असं विचारलं की तेच चार वडील बोलतात. सात-आठ जणांचे गट करा, आया आणि वडील वेगवेगळे, आणि नवरा-बायको एका गटात नकोत. प्रत्येक गटात तेलुगू किंवा कन्नड येणारं एक माणूस बसवा. मोठ्या मुलांना दुभाषी करू नका. आईवडिलांबद्दल आईवडिलांसमोर बोलायची वेळ मुलावर आणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

प्रश्न पडद्यावरच्या माणसाबद्दलच ठेवा. 'तुम्ही घरी असं करता का?' हे कधीच विचारू नये, माणूस बंद होतो. 'हा असं का वागला असेल?' विचारलं की माणूस स्वतःबद्दलच सांगतो, फक्त नाव अवस्थीचं घेतो. पहिली दोन मिनिटं शांतता पडेल. ती भरायला सूत्रसंचालक बोलायला लागला की सभा भाषणाकडे वळते. घड्याळ बघत थांबा.

'श्यामची आई' यादीतून काढून टाकू नका, फक्त वेगळ्या पद्धतीनं घ्या. आचार्य अत्र्यांच्या या सिनेमाला १९५४ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, म्हणून पालक त्याच्याकडे देवघरात बघावं तसं बघतात. पण श्यामची आई मुलाला रागावतेही आणि का रागावले हे सांगतेही. सगळ्यांना पाठ असलेलं पायाचं उदाहरण बघा: पाय घाण होऊ नयेत म्हणून जपतोस, तसं मनही जप. शिस्त लावताना कारण मुलाच्या हातात देणारी ही आई आहे. दाखवायला वेळ नसेल तर चहाच्या वेळी तोंडी सांगा, दोन मिनिटांत होतं.

एक तयारी आधीच करा. असे प्रसंग दाखवल्यावर एखादी आई सभा संपल्यावर थांबते आणि घरातल्या मारहाणीचं बोलते. त्या वेळी कुणी ऐकायचं, कुठल्या खोलीत, हे ठरलेलं असू द्या. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरात पहिल्यापासून लिहून ठेवा, शेवटी लिहिलात तर तो कुणासाठी लिहिला हे सगळ्यांना कळतं.

पूर्वभाग

क्रम असा लावलाय: 'एलिझाबेथ एकादशी', मग 'तारे'मधला खोक्याचा आणि फलकाचा प्रसंग जोडून, मग 'दंगल'चे दोन, शेवटी 'सीक्रेट सुपरस्टार'चा विमानतळ. 'फँड्री' आठवीच्या पालकांसाठी वेगळा ठेवू, त्याला घाई नको. जाताना प्रत्येकाला एक कार्ड द्यायचं, त्यावर एकच ओळ: 'या आठवड्यात मुलाला मी एक गोष्ट विचारणार आहे, ती...' पुढची जागा कोरी. चालेल का?

कट्टा_क्र_७

चालेल, पण ओळ तीन भाषांत छापा आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी कोऱ्या जागेऐवजी एक चौकट ठेवा, चित्र काढता येईल एवढी. कार्ड परत गोळा करू नका. आणि फलकाच्या प्रसंगानंतर लगेच 'दंगल' नको, मध्ये चहा घ्या. त्या प्रसंगानंतर लोकांना जरा वेळ लागतो.